‘हवामान चक्रानेच बदलतं, आपोआप उलटेल’ : बडोद्यातल्या एका प्रश्नाला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑगस्ट २०२४च्या पुरात विश्वामित्री नदीचं पाणी तुमच्या समा भागातल्या घरात शिरलं. आता तळमजल्याची दुरुस्ती काढली आहे आणि जोतं उंच करावं की नाही यावर घरात एकमत होत नाहीये. वडील म्हणतात, १९२७ सालीही गुजरातेत महापूर आला होता. हिमयुगं आली नि गेली, पृथ्वीचं हवामान लाखो वर्षं चक्राने बदलत आलंय, आत्ताची गरमी त्यातलीच, चक्र फिरलं की उतरेल. तुम्हाला ते पटतही नाही आणि खोडूनही काढता येत नाही. म्हणून विचारता आहात की सध्या आपण कोणत्या चक्रात आहोत आणि ते कधी उलटणार.

आधी वडिलांच्या बाजूने बोलतो, कारण त्यांच्या म्हणण्यात बरंच खरं आहे. मी भूविज्ञानाचा माणूस. माझी सगळी नोकरी बडोद्यात झाली आणि काम राहिलं ते मही, ओरसंग, नर्मदा या नद्यांनी गेल्या लाख-सव्वा लाख वर्षांत रचून ठेवलेल्या गाळाच्या थरांवर. हवामान पुन्हा पुन्हा बदलतं आणि त्या बदलाला ठेका असतो, हे मी रोजच्या कामात पाहिलं आहे. त्यामुळे चक्रं नाकारून तुमच्या वडिलांना उत्तर देता येणार नाही. ती नीट मोजूनच देता येईल.

घोटाळा होतो तो इथे. कोणी ‘चक्र’ म्हटलं की लगेच तीन गोष्टी विचारायला हव्यात: त्याचा एक फेरा किती वर्षांचा, ते कशाच्या जोरावर फिरतं आणि सध्या ते कोणत्या दिशेने चाललं आहे. हे न विचारता ११ वर्षांचं चक्र, २३,००० वर्षांचं चक्र आणि दोन दिवसांचा मुसळधार पाऊस एकाच माळेत ओवला, तर वाद कधीच मिटत नाही.

मोठ्या चक्रांपासून सुरुवात करू. पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या फिरण्यात तीन गोष्टी फार संथपणे बदलत राहतात. पहिली म्हणजे कक्षेचा आकार. ती कधी जवळजवळ गोल असते, कधी किंचित लांबट होते. या बदलाचे मुख्य काळ सुमारे १ लाख आणि ४ लाख ५ हजार वर्षं. दुसरी गोष्ट अक्षाचा कल. तो २२.१ ते २४.५ अंशांच्या दरम्यान कमीजास्त होतो आणि एका फेऱ्याला सुमारे ४१,००० वर्षं लागतात. आज तो २३.४४ अंश आहे. तिसरी गोष्ट आपल्याकडे पंचांग पाहणाऱ्यांना अयनचलन म्हणून ठाऊक असते: अक्षाची दिशाच आकाशात हळूहळू फिरते. कक्षेच्या स्वतःच्या फिरण्याशी तिचा मेळ बसून हवामानाला जाणवणारे काळ साधारण १९,००० आणि २३,००० वर्षांचे होतात. याचा परिणाम असा की पृथ्वी कोणत्या ऋतूत सूर्याच्या सर्वांत जवळ येते ते बदलत जातं. सध्या ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपल्या ऐन थंडीत, सर्वांत जवळ असते. सुमारे ११,००० वर्षांपूर्वी ती उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात जवळ असायची.

या तिन्हींमुळे पृथ्वीला वर्षभरात मिळणारं एकूण ऊन जवळपास तेवढंच राहतं. बदलते ती त्याची वाटणी, म्हणजे कोणत्या अक्षांशाला, कोणत्या ऋतूत किती ऊन. मिलुटिन मिलान्कोविच या सर्बियन शास्त्रज्ञाने याचं बारीक गणित मांडलं. पहिल्या महायुद्धात बुडापेस्टमध्ये नजरकैदेत असताना ते तिथल्या विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयात बसून हे काम करत होते, आणि १९४१ साली त्यांचा मोठा ग्रंथ बाहेर आला. त्यांचं म्हणणं असं की हिमयुग सुरू व्हायला हिवाळा कडक असण्यापेक्षा उन्हाळा थंड असावा लागतो. उत्तरेला ६५ अंशांच्या आसपास, म्हणजे कॅनडा-स्कँडिनेव्हियाच्या पट्ट्यात, उन्हाळ्याचं ऊन कमी पडलं की मागच्या हिवाळ्यातला बर्फ पुरता वितळत नाही. उरलेल्यावर पुढच्या वर्षीचा साचतो. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो, त्याने आणखी गारवा येतो, आणि हजारो वर्षांत तीन-तीन किलोमीटर जाडीचे हिमस्तर उभे राहतात.

एवढ्याशा बदलाने एवढं मोठं काही कसं होईल, असं वडील विचारतील. त्यांना घरातला झोपाळा दाखवा. धक्का लहानसाच असतो, पण तो योग्य क्षणी बसला की झोका वाढत जातो. कक्षेचा धक्का असाच लहान आहे. झोका मोठा होतो तो बर्फाच्या पांढऱ्या पृष्ठभागामुळे आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. हा कार्बन डायऑक्साइडचा भाग लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

नुसतं गणित असतं तर मीही इतक्या ठामपणे लिहिलं नसतं. १९७६ साली हेझ, इंब्री आणि शॅकल्टन या तिघांनी दक्षिण हिंदी महासागराच्या तळातून काढलेल्या गाळाच्या लांब नमुन्यांवरून सुमारे साडेचार लाख वर्षांचा हवामानाचा आलेख काढला आणि त्यात १ लाख, ४१ हजारांच्या आसपासचा, २३ हजार आणि १९ हजार वर्षांचा असे ठेके सापडले. पद्धत अशी की समुद्राच्या पाण्यात हलका आणि जड असे दोन प्रकारचे ऑक्सिजन असतात. हलका ऑक्सिजन असलेल्या पाण्याची वाफ सहज होते. हिमयुगात ती वाफ बर्फ होऊन जमिनीवर अडकून पडते, त्यामुळे समुद्रात जड ऑक्सिजनचं प्रमाण वाढतं. समुद्रातले सूक्ष्मजीव आपलं कवच त्याच पाण्यातून बनवतात आणि मेल्यावर तळाशी जाऊन पडतात. म्हणजे एकेका कवचात त्या काळच्या जगभरच्या बर्फाचा हिशेब नोंदलेला असतो. पुढे अंटार्क्टिकात तीन किलोमीटरहून खोल भोकं पाडून बर्फ काढला. त्यात अडकलेले हवेचे बुडबुडे आपल्याला ८ लाख वर्षं मागे नेतात. या सगळ्या काळात कार्बन डायऑक्साइड हिमयुगात दर दहा लाख भागांत १८० आणि मधल्या उबदार काळांत २८० ते ३०० यांच्या दरम्यानच वर-खाली होत राहिला.

यातलं सगळंच सुटलेलं आहे असं नाही. सुमारे दहा-बारा लाख वर्षांपूर्वीपर्यंत हिमयुगं ४१ हजार वर्षांच्या ठेक्यावर येत होती आणि नंतर हळूहळू ती १ लाखाच्या ठेक्यावर का गेली, यावर अजून वाद आहे. त्या वादाने तुमच्या प्रश्नाच्या उत्तरात मात्र फरक पडत नाही.

आता हे आपल्या पायाखाली कुठे दिसतं ते सांगतो. वडिलांना एकदा घेऊन जा, हे दाखवण्यासारखं आहे. वासदच्या पुलाजवळ महीच्या दोन्ही अंगांना कोतरं, म्हणजे पाण्याने कोरलेल्या खोल घळी, आहेत. त्यांत शिरलं की गाळाचे उभे कडे लागतात, काही ठिकाणी तीस-चाळीस मीटर उंच. लांबून सगळं एकसारखं पिवळट दिसतं. पण खुरप्याने हातभर रुंदीचा पट्टा वरून खाली खरवडला की थर उघडे पडतात. सर्वांत वर फिकट रंगाचा बारीक गाळ. बोटांत चोळला तर खरखर जेमतेम जाणवते, आणि त्यात खडा म्हणून सापडत नाही. पाण्याने आणलेल्या गाळात जाड-बारीक कणांच्या रेघा असतात. इथे त्या नाहीत. हा वाऱ्याने आणून टाकलेला आहे. त्याखाली तांबडा थर लागतो, ओल्या बोटाला त्याचा रंग चिकटतो. हा रंग लोहाच्या गंजण्याचा, त्याला ऊब आणि ओल दोन्ही लागतं. त्याच थरात पांढरे कंकर, म्हणजे चुन्याचे खडे, असतात, काही बोराएवढे, काही जुन्या मुळांच्या वाटेने उभे वाढलेले. पाऊस ठरावीक महिने पडतो आणि मग बराच काळ जमीन कोरडी राहते, अशा ठिकाणी चुना वर खेचला जाऊन कंकर बनतो. आणखी खाली गेलं तर नदीचे गोटे, चुन्याने इतके घट्ट बांधले गेलेले की हातोडी मारली तर गोटाच फुटतो, जोड सुटत नाही. तेवढे गोटे आणायला पाण्याला चांगलाच जोर असावा लागतो.

वय काढायचं असेल तर आम्ही थरात पोलादी नळी ठोकतो आणि बाहेर काढताच तिची तोंडं काळ्या आवरणाने बंद करतो. आतल्या क्वार्ट्झच्या कणांना ऊन लागू द्यायचं नसतं. कण गाडला गेला त्या दिवसापासून तो आसपासच्या मातीतल्या किरणोत्साराची ऊर्जा साठवत असतो. प्रयोगशाळेत, मंद तांबड्या उजेडात, त्यावर ठरावीक प्रकाश टाकला की ती साठवण चमक होऊन बाहेर पडते, आणि चमक मोजून गाडल्याची वेळ कळते. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीने या तंत्रात आपल्या देशात पायाभूत काम केलं आहे. महीकाठच्या वरच्या, वाऱ्याने आणलेल्या गाळाची वयं शेवटच्या हिमयुगाच्या कोरड्या काळाशी आणि त्याच्या सरत्या टप्प्याशी जुळतात. बर्फ साचला होता तिकडे कॅनडात. महीच्या काठी बर्फाचा कण नव्हता, पण पावसाळा दुबळा पडला होता आणि इथे धूळ उडत होती. साधारण २१,००० वर्षांपूर्वी, थंडीच्या टोकाला, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. खंभातचं आखात तेव्हा कोरडी जमीन होतं आणि किनारा शंभराहून जास्त किलोमीटर पश्चिमेला सरकला होता.

मग चक्र फिरलं. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ येऊ लागली आणि साधारण ९-१० हजार वर्षांपूर्वी उत्तर गोलार्धाला उन्हाळ्यात आजच्यापेक्षा ७-८ टक्के जास्त ऊन मिळत होतं. जमीन अधिक तापली, समुद्रावरून वारे जोराने आले, मोसमी पाऊस वाढला. सहारात तळी आणि गवताळ राने झाली, राजस्थानातल्या डीडवाना, लुणकरणसरसारख्या तळ्यांना पाणी राहिलं. आपल्या जवळचा दाखला लांघणजचा. पूर्वी बडोदे संस्थानात असलेल्या मेहसाण्याच्या त्या गावी वाळूच्या टेकाडांवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकळियांनी १९४०च्या दशकापासून उत्खनन केलं. तिथे दगडाची बारीक हत्यारं सापडली आणि त्यांच्याबरोबर गेंड्याच्या खांद्याचं हाड. गेंडा पाणथळ आणि उंच गवताचा प्राणी. म्हणजे वाळू साचली कोरड्या काळात, आणि पुढे पाऊस वाढून ती टेकाडं स्थिरावली, मधल्या खोलगटांत पाणी साचलं, तेव्हा त्यांच्यावर माणसं राहिली. एका टेकाडात चक्राचे दोन्ही भाग पाहायला मिळतात. मला तरी याहून स्पष्ट उदाहरण माहीत नाही.

इथवर वडील आणि मी एका बाजूला आहोत. आता दिशेचा प्रश्न.

अक्षाचा कल सुमारे १०,७०० वर्षांपूर्वी सर्वांत जास्त होता. तेव्हापासून तो कमी होतोय आणि आणखी साधारण १०,००० वर्षं कमी होत राहील. उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यातून सूर्यसान्निध्य सरकत सरकत हिवाळ्यात आलंय. दोन्हींचा परिणाम एकच: उत्तरेकडचं उन्हाळ्याचं ऊन गेली सुमारे ११,००० वर्षं घटत आलं आहे. म्हणजे मोठं चक्र आज जर काही करत असेल, तर ते पृथ्वीला अगदी हळूहळू थंडीकडे नेत असायला हवं. ते ‘उलटण्याची’ वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण ते आधीच थंडीच्या बाजूला वळलेलं आहे. आणि तरीही पृथ्वी तापते आहे.

पुढचं हिमयुग येऊन हे सगळं निवेल का, असंही कुणी विचारतं. कक्षा सध्या बरीच गोल आहे आणि आणखी गोल होत चालली आहे. कक्षा गोल असली की अयनचलनाचा परिणाम फिका पडतो. आंद्रे बर्जे आणि मारी-फ्रान्स लूत्र या बेल्जियमच्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं की माणसाची ढवळाढवळ धरली नाही तरी आत्ताचा उबदार काळ आणखी सुमारे ५०,००० वर्षं टिकू शकतो.

दुसरा प्रश्न वेगाचा. शेवटच्या हिमयुगातून बाहेर पडताना पृथ्वीचं सरासरी तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं, पण त्याला दहा हजार वर्षांच्या आसपास लागली. म्हणजे एका अंशाला दीड-दोन हजार वर्षं. २०११ ते २०२० या दशकाचं सरासरी तापमान १८५० ते १९०० या काळापेक्षा १.०९ अंशांनी जास्त होतं, आणि त्यातली बहुतेक वाढ १९७० नंतरची. शंभर वर्षांत अक्षाचा कल किंवा कक्षेचा आकार इतका कमी बदलतो की त्याने एवढी वाढ होणं शक्य नाही.

इथे जाणकार माणूस एक अडचण काढेल, आणि ती रास्त आहे. ग्रीनलंडच्या बर्फात अशा नोंदी आहेत की हिमयुगाच्या काळात तिथलं तापमान काही दशकांत दहा अंशांच्या आसपास उसळलं. मग नैसर्गिक बदलही वेगवान असतात ना? असतात. पण त्या उसळ्या मुख्यतः उत्तर अटलांटिकच्या प्रवाहांमुळे उष्णतेची जागा बदलल्याने झाल्या. ग्रीनलंड तापत असताना अंटार्क्टिका थंड व्हायला लागायची. आज दोन्ही गोलार्ध, जमीन, समुद्र आणि समुद्राची खोली एकाच वेळी तापते आहे. उष्णता फक्त इकडून तिकडे गेली असती तर असं झालं नसतं.

आता कार्बन डायऑक्साइडचा मुद्दा. वडिलांनी कुठेतरी ऐकलं असेल की जुन्या बर्फात आधी तापमान वाढतं आणि मग हा वायू, म्हणून वायू कारण नसून परिणाम आहे. अंटार्क्टिकाच्या काही नोंदींत तापमान आधी हलल्याचं दिसतं, हे खरं. त्या वेळी सुरुवातीचा धक्का कक्षेने दिला होता. समुद्र तापू लागला, त्यातून वायू सुटला, आणि त्या वायूने तापमान आणखी वाढवून ती ऊब सगळ्या पृथ्वीवर पसरवली. कक्षेच्या एकट्या धक्क्याने पाच-सहा अंशांचा फरक पडत नाही. तो हिशेबात बसवायला हा वायू लागतोच. तेव्हा १९० च्या आसपासून २६०-२७० पर्यंत जायला त्याला सहा-सात हजार वर्षं लागली. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतल्या मौना लोआवर नियमित मोजणी सुरू केली तेव्हा आकडा सुमारे ३१५ होता. आज तो ४२० च्या वर आहे. जी वाढ पूर्वी हजारो वर्षांत झाली, तिच्याहून मोठी वाढ एका माणसाच्या आयुष्यात झाली आहे, आणि या वेळी कक्षेने काहीच सुरू केलेलं नाही. हा वायू समुद्रातून आला असता तर समुद्रातला कार्बन कमी झाला असता. तो उलट वाढतो आहे आणि पाणी किंचित आम्लधर्मी होत चाललंय. हवेतल्या हलक्या आणि जड कार्बनचं बदलतं प्रमाणही सांगतं की तो प्राचीन वनस्पतींपासून, म्हणजे कोळसा आणि खनिज तेलातून आलेला आहे.

छोटी चक्रं लवकर आटोपतो. सूर्याचं ११ वर्षांचं चक्र त्याच्या तेजात साधारण एक हजारांश फरक करतं. १९७८ पासून उपग्रह ते थेट मोजत आहेत, आणि त्या काळात सूर्याचं तेज चढत गेलेलं नाही. शिवाय सूर्यामुळे तापलं असतं तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि त्याच्या वरचा, स्थितांबर, थंड होतंय. एल निन्यो, म्हणजे प्रशांत महासागराचं अधूनमधून तापणं, एखाद्या वर्षाला हात देतो, मग ओसरतो. १९९१ मध्ये पिनाटुबो ज्वालामुखीने पृथ्वी अर्ध्या अंशाने थंड केली, पण दोनेक वर्षांपुरतीच.

आणि भूतकाळातला प्रत्येक बदल चक्रच होता असंही नाही. चंद्रपूरजवळ इरई गावी खडकावर हिमनदीने ओरखडलेल्या समांतर रेघा आहेत, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या. तेव्हा आपला भूभाग दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता. तो तिथून इथे सरकला, हे पुन्हा फिरून येणारं चक्र नव्हे. आपला पावागड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. आणि ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हवेत फार मोठ्या प्रमाणात कार्बन सुटला, तापमान पाच अंशांहून जास्त चढलं आणि पृथ्वीला पूर्ववत व्हायला दीड-दोन लाख वर्षं लागली. मी चिंता करतो ती या शेवटच्या उदाहरणामुळे. कार्बन कुठूनही येवो, पृथ्वी त्याला प्रतिसाद देते, आणि तो परत जमिनीत जायला माणसाच्या हिशेबाने अनंत काळ लागतो.

तर आतापर्यंतचं थोडक्यात: चक्रं खरी आहेत, आपल्या महीच्या कड्यांत ती दिसतात, आज ती थंडीकडे कललेली आहेत, आणि ती ज्या वायूच्या मदतीने एवढी मोठी होत होती, तोच वायू आता आपण थेट हवेत सोडतो आहोत. हिमयुगांचा अभ्यास आपल्याला निर्धास्त करत नाही. पृथ्वी लहान धक्क्यानेही किती हलते, हेच त्यातून कळतं.

राहिला पूर. इथे मी जपून बोलेन, कारण एकच पूर घेऊन तो तापमानवाढीने आला की नाही हे सांगता येत नाही. १९२७चा पूर आजच्या उष्णतेशिवाय आलाच होता. पण शक्यता बदलते. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात गुजरातेपासून ओडिशापर्यंतच्या मधल्या पट्ट्यात मोठ्या भूभागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. त्यात विश्वामित्रीच्या आपल्या अडचणी मिळवा. नदी पावागडच्या डोंगरात उगम पावते, वाटेत आजवा सरोवर, आणि शहरात आली की उतार अगदी थोडा. पूर्वी पाणी पसरायला कोतरं होती. त्यांतली बरीच भरून त्यांवर बांधकाम झालंय. २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्या वर गेलं, त्यात पाऊस किती, सोडलेलं पाणी किती आणि अडलेली वाट किती, हे वेगळं काढायला ताशी पावसाच्या आणि आजव्याच्या पातळीच्या नोंदी मांडून बसावं लागेल.

जोत्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: उंच करा. चक्र उलटेल म्हणून थांबू नका. किती उंच, हे तुमच्या जागेवर अवलंबून आहे. २०२४च्या पाण्याची खूण भिंतीवर असेलच, ती रंगाखाली जाण्याआधी मोजून लिहून ठेवा, आणि जोतं त्याच्या वर किमान फूट-दीड फूट राहील असं पाहा. रस्ता दर डांबरीकरणाला वर येतो, तेही धरा. तुमचा प्लॉट जुन्या कोतरावरच्या भरावावर आहे का, हे शेजारच्या वयस्कर मंडळींना विचारून आणि जुन्या सिटी सर्व्हेच्या नकाशावरून कळेल. भराव असेल किंवा खड्डा खणल्यावर काळी माती लागली, तर जोत्याचं वजन वाढवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वरच्या नव्या भिंतींना तडे पाडते. आणि जोत्याचं काम निघेपर्यंत विजेचा मीटर आणि मुख्य बोर्ड तेवढा या पावसाळ्याआधी खुणेच्या वर नेऊन घ्या, ते काम दोन दिवसांचं आहे.